गेम्स ऑफ द स्मॉल स्टेट्स ऑफ युरोपमधलं पोहणं कोणी फॉलो करतं का?

मोझेलकाठची (धागाकर्ती)

ऑलिंपिक, एशियाड, राष्ट्रकुल यांच्यावर इथे भरपूर धागे आहेत. मला जिच्याबद्दल मनापासून बोलायचंय त्या स्पर्धेवर मात्र एकही सापडला नाही, म्हणून हा काढतेय.

आम्ही लक्झेंबर्गला राहतो. मुलगी इथल्या एका क्लबकडून पोहते आणि तिच्यामागे जाता जाता मीही टाइमकीपर झाले. इथे क्लबच्या मीटला, म्हणजे पोहण्याच्या स्पर्धेला, पालक उभे राहिले नाहीत तर मीट होतच नाही. टाइमकीपर, टर्न जज, मुलांना ओळीने लावणारे, सगळे कोणाचे ना कोणाचे आईबाप. त्यामुळे लहान देशात खेळ कसा चालतो ते मला तलावाच्या काठावरून बघायला मिळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युरोपातल्या दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या देशांसाठी ही बहुक्रीडा स्पर्धा आहे. पहिली १९८५ साली सान मारिनोत झाली. तेव्हापासून दर विषम वर्षी, मे संपता संपता किंवा जूनच्या सुरुवातीला भरते. सुरुवातीला आठ देश होते: अँडोरा, सायप्रस, आइसलँड, लिख्टेनश्टाइन, लक्झेंबर्ग, माल्टा, मोनॅको आणि सान मारिनो. माँटेनिग्रो २०११ पासून खेळायला लागला. २०२१ ची अँडोरातली स्पर्धा कोविडमुळे झालीच नाही. २०२३ ला माल्टा, २०२५ ला पुन्हा अँडोरा. पुढची २०२७ मध्ये मोनॅकोला.

अ‍ॅथलेटिक्स, ज्युदो, बास्केटबॉल, नेमबाजी असं बरंच काही असतं, पण माझा जीव पोहण्यात. कारण ही स्पर्धा नेमकं काय देते ते पोहण्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं: फायनल.

सान मारिनोची लोकसंख्या साधारण चौतीस हजार. तिथली चांगली पोहणारी मुलगी युरोपियन चँपियनशिपला गेली तर सकाळी हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, पोहते, तिसाव्या-चाळिसाव्या नंबरला येते आणि दुपारी बॅग भरते. जागतिक स्पर्धेतही तेच. वर्षानुवर्षं तिची मोठी स्पर्धा म्हणजे सकाळची एक शर्यत. संध्याकाळचं सत्र तिने कायम स्टँडमधूनच बघितलेलं असतं. आता सकाळी पोहून, जेवून, थोडं झोपून, अंग पुन्हा गरम करून संध्याकाळी त्याच शर्यतीला दुसऱ्यांदा उभं राहायचं, तेही सकाळपेक्षा वेगात, हे निराळंच कसब आहे. सरावात ते शिकवता येत नाही. त्यासाठी खरी फायनल लागते. शर्यतीआधी खेळाडूंना बसवतात त्या कॉल रूममध्ये आठ जणींनी एकमेकींकडे न बघता बसणं लागतं, आपल्या देशाचं नाव पुकारलं जाणं लागतं. ते या मुलांना इथे मिळतं.

दुसरी गोष्ट रिले. लहान देशाला चार पोहणारे एकत्र आणणं किती अवघड आहे ते बाहेरून कळत नाही. मेडली रिलेला बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक, बटरफ्लाय, फ्रीस्टाइल असे चार वेगळे हवेत. एक जण बारावीच्या परीक्षेत, एक अमेरिकेत कॉलेजात, एकीचा खांदा दुखावलेला, की संपली टीम. या स्पर्धेसाठी मात्र सगळे घरी येतात आणि वर्षभर एकेकटी पोहणारी ती चौघं एका ब्लॉकमागे उभी राहतात.

२०१३ ला स्पर्धा लक्झेंबर्गमध्ये होती तेव्हा मी प्रेक्षकांत होते. किर्चबर्गला ‘द कोक’ नावाचं क्रीडासंकुल आहे, शिंपल्यासारख्या छताचं. रॉजे तायिबेर या फ्रेंच वास्तुविशारदाचं काम, मॉंट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियमही त्याचंच. तिथल्या ५० मीटरच्या तलावात राफाएल स्टाक्कियोटी उतरला की अख्खा स्टँड उठून उभा राहायचा. हा मुलगा बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो अशी चार ऑलिंपिक पोहला. तिथे तो अनेकांतला एक. इथे तो घरचा. त्याच्या शर्यतीनंतर बारा-तेरा वर्षांची पोरं रेलिंगला लटकून त्याला हाका मारत होती आणि तो थांबून बोलत होता. त्यातली काही पोरं आज माझ्या मुलीच्या क्लबमध्ये सीनियर गटात आहेत.

अजून कोणी ही स्पर्धा बघतं का? आइसलँड, माल्टा, सायप्रसला कोणी मराठी मंडळी आहेत का? लिहा ना.

आकडेमोड

धागा आवडला, पण एक शंका. नऊ देश मिळून लोकसंख्या पस्तीस लाखांच्या आत. पुणे-पिंपरी चिंचवड एकत्र धरलं तर त्याहून जास्त भरेल. एवढ्यांतच सोनं-रुपं-कांस्य वाटायचं म्हणजे पदकांची खिरापत नाही का? तिसऱ्या आलेल्याचं टायमिंग आपल्या राज्य स्पर्धेतही मागे पडेल अशा शर्यती असणारच. मुलांना खोटी उंची दाखवण्यात त्यांचंच नुकसान आहे.

मोझेलकाठची

@आकडेमोड, काही शर्यती कमजोर असतात हे खरंच आहे. लांब पल्ल्याला कधी कधी लेनही भरत नाहीत. पण पोहण्यात खोटी उंची टिकत नाही हो. भिंतीवरच्या टचपॅडला हात लागला की बोर्डावर आकडा येतो आणि तो आकडा टोकियोतही तोच आणि लिख्टेनश्टाइनच्या वडूझमध्येही तोच. पहिला आलेला मुलगाही आधी बोर्डाकडे बघतो, मग हात वर करतो. सोनं मिळालं आणि टायमिंग सुधारलं नाही तर चेहरा पडलेलाच असतो, मी जवळून पाहिलंय.

आणि वरची पातळी कमी लेखू नका. रिओ २०१६ ला आइसलँडच्या दोन मुली ऑलिंपिक फायनलला होत्या. ह्राफ्नहिल्दुर लुथर्सदोत्तिर १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सहावी, एग्लो ओस्क गुस्ताव्स्दोत्तिर २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये आठवी. आमचा लोराँ कार्नोल लंडनला २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकच्या सेमीफायनलला होता. ही सगळी याच स्पर्धेत वाढलेली.

लिख्टेनश्टाइनचं बघा. चाळीस हजार लोकवस्ती, आल्प्सच्या कुशीत, सगळ्यांना स्कीइंगचं वेड. रिओला त्यांचे मोजून तीन खेळाडू होते आणि त्या तिघांतले दोघं जलतरणपटू, यूलिया हास्लर आणि क्रिस्टोफ मायर. देशाचा झेंडा हास्लरच्या हातात होता.

उत्तरध्रुवी

आलो! आइसलँडला बरीच वर्षं आहे, त्यामुळे हाक कानावर आली.

इथे पोहणं हा खेळ म्हणून नंतर येतो, आधी शाळेचा विषय म्हणून येतो. १९४० पासून कायद्यानेच सक्तीचं. त्यामागचं कारण दुःखाचं आहे. मासेमारीवर जगणारा देश, आणि कित्येक माणसं किनारा डोळ्यांसमोर असताना बुडाली, कारण पोहताच येत नव्हतं. म्हणून प्रत्येक मुलाला पोहता आलंच पाहिजे असं ठरलं. कोणत्या इयत्तेला काय यायला हवं ते नेमून दिलेलं आहे. माझ्या मुलाला गणिताइतकीच पोहण्याची काळजी असते.

जमिनीतून गरम पाणी फुकटात वर येतं, त्यामुळे लहानशा गावातसुद्धा तलाव असतो, तोही उघड्यावर. बाहेर बर्फ पडत असतं, डोक्यावरचे केस कडक होतात आणि आत लोक निवांत पोहत असतात. पाण्यात उतरण्यापूर्वी कपडे काढून साबणाने स्वच्छ अंघोळ करावीच लागते, आपल्याकडच्या पाहुण्यांना हे जरा जड जातं. आजोबा-नातू, मंत्री, ड्रायव्हर सगळे त्याच गरम कुंडात गप्पा मारत बसलेले.

तर सांगायचं असं की चार लाखांच्या आतल्या देशात जवळजवळ प्रत्येक मूल पाण्यातून चाळून निघतं. त्यात कोणाच्या अंगात काही असेल तर ते कोणाच्या तरी नजरेला पडतंच. ओर्न आर्नार्सन असाच आला. सिडनी २००० मध्ये २०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये चौथा. देशभर अजून त्याचं नाव काढतात.

२०१५ ची स्पर्धा रेक्याविकलाच होती, लाउगारदाल्सलाउगला. ह्राफ्नहिल्दुर, एग्लो आणि आन्तोन मॅकी तिघंही घरच्या पाण्यात उतरली होती. पुढच्याच वर्षी त्यांतल्या दोघी ऑलिंपिक फायनलला. @आकडेमोड, ज्यांच्या पदकांना तुम्ही खिरापत म्हणताय ती यांच्याशी लढून मिळवलेली आहेत.

आकडेमोड

हे माहीत नव्हतं. खिरापत शब्द मागे घेतो. पण मग प्रश्न उलटा होतो. चार लाखांतून दोन ऑलिंपिक फायनल आणि आपल्या १४० कोटींतून अजून एकही नाही. आपण काय करतोय?

रंकाळ्याचा_पोहणारा

आकडेमोड दादा, त्या प्रश्नावर मी उभा जन्म बोलू शकतो. मी स्वतः राष्ट्रीय शालेय स्पर्धा पोहलोय, आता मुलांना शिकवतो.

आमच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंगला गेला तेव्हा सतरा वर्षांचाही नव्हता. २०१० ला ग्वांगझूच्या एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य जिंकलं. त्याआधीचं आपलं एशियाडचं जलतरण पदक खजान सिंग यांचं, सोल १९८६. मधली चोवीस वर्षं कोरडी. ऑलिंपिकचं थेट पात्रतेचं ‘ए’ टायमिंग भारताने पहिल्यांदा गाठलं ते जून २०२१ मध्ये, साजन प्रकाशने रोमला, २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८. निकष होता १:५६.४८. दहा शतांश सेकंदांनी!

आता शिडी बघा. जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय इथपर्यंत ठीक आहे. त्याच्या वर दक्षिण आशियाई स्पर्धा. तिथे श्रीलंकेचा मॅथ्यू अबेसिंघे २०१६ ला गुवाहाटीत सात सुवर्णं घेऊन गेला तसे अपवाद सोडले तर आपली मुलं सहज जिंकतात. त्याच्या वरची पायरी थेट एशियाड. तिथे चीन, जपान, कोरिया. मध्ये काहीच नाही. म्हणजे जिथे फायनलला पोचायला झगडावं लागेल पण पोचता येईल अशी स्पर्धा आमच्या पोरांना मिळतच नाही. ताईंनी फायनलबद्दल जे लिहिलंय ते वाचून मी खुर्चीतून उठलो. माझी मुलं सकाळी उत्तम पोहतात आणि संध्याकाळी थंड पडतात. सवयच नाही.

दुसरं दुखणं टँकचं. ५० मीटरचे टँक मोजके, त्यात वर्षभर चालू राहणारे आणखी कमी. आमच्या भागातल्या एका टँकची मोटर बंद पडली ती अख्ख्या सीझनभर बंदच राहिली. मुलं २५ मीटरमध्ये सराव करून थेट राज्य स्पर्धेला ५० मीटरमध्ये उतरली. निम्मी पोरं शेवटच्या पंधरा मीटरला हातच उचलू शकली नाहीत.

मोझेलकाठची

@रंकाळ्याचा_पोहणारा दादा, २५ आणि ५० मीटरचं दुखणं आमच्याकडेही तसंच आहे. इथेही बरेच क्लब गावच्या २५ मीटर तलावात सराव करतात. २५ मध्ये वळणं दुप्पट, प्रत्येक वळणाला भिंतीला लाथ मारून फुकटचा वेग आणि क्षणभर हातांना विश्रांती. ५० मध्ये ते नाही. त्यामुळे कोकच्या तलावात एक लेन मिळावी म्हणून क्लबांची चढाओढ असते. वरच्या मुलांची सोय राष्ट्रीय संघटना आणि स्पोर्टलिसे म्हणजे खेळाडूंची शाळा मिळून बघतात. त्या शाळेचं वेळापत्रकच सरावाभोवती बेतलेलं असतं. आणखी एक गोष्ट फार उपयोगी पडते: २०२० पासून या देशात बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे. ट्रामचा थांबा कोकच्या दारात. आईबापांनी गाडी काढायची गरज नाही, पोरं पहाटे एकटी येतात.

अँडोराची अडचण वेगळीच. राजधानी समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच, युरोपातली सगळ्यात उंच राजधानी. घरची मुलं सरावलेली, पण माल्टा-सायप्रसची मुलं समुद्रकाठची. २०२५ ला तिथे जाण्याआधी आमच्याकडचे कोच हेच बोलत होते की ५० आणि १०० मीटरला फारसा फरक नाही, पण ४०० च्या पुढे शेवटच्या शंभराला श्वास अपुरा पडतो, तेव्हा सुरुवात जपून करा.

माल्टाचं तर विचारूच नका. चारी बाजूंनी समुद्र, उन्हाळा आला की सगळा देश वॉटरपोलोच्या मागे. किनाऱ्यावर प्रत्येक गावाचा क्लब, घराघरांत निष्ठा वाटलेल्या. चांगली पोहणारी मुलं पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिकडे वळतात आणि जलतरणाचे कोच कपाळाला हात लावतात. पण त्याच बेटाने नील एजियससारखा माणूसही दिला. अथेन्स २००४ चा हा ऑलिंपियन २०२१ मध्ये इटलीच्या लिनोसा बेटावरून निघून गोझोपर्यंत न थांबता पोहत आला. सव्वाशे किलोमीटर, दोन दिवस आणि दोन रात्रींहून जास्त.

मांडवीकर

वाचतोय, फार छान चाललाय धागा. एक प्रश्न. सिडनीला इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसंबानी होता ना, १०० मीटरला एकटाच पोहलेला, १:५२.७२. बाकी दोघं फाउल स्टार्टमुळे बाद झाले होते. लहान देशांच्या पोहण्याची बातमी झाली की लोकांना तोच आठवतो. या स्पर्धेतले खेळाडूही त्याच वाटेने ऑलिंपिकला जातात का?

मोझेलकाठची

@मांडवीकर, वाट एकच आहे, पण चालणारे वेगवेगळे. ज्या देशाचा कोणीच टायमिंगवर पात्र झालेला नाही त्या देशाला एक पुरुष आणि एक महिला पाठवता येते, त्याला युनिव्हर्सॅलिटी म्हणतात. जागतिक स्पर्धेत पोहलेल्यांमधून ते निवडले जातात. मोनॅको, सान मारिनो, अँडोरा यांची मुलं बहुतेक वेळा तशीच जातात. पण हे वर्षानुवर्षं दिवसातून दोन वेळा पाण्यात असलेले तयारीचे खेळाडू आहेत, स्वतःच्या देशाचे विक्रम मोडलेले. सान मारिनोची आरियाना वाल्लोनी टोकियोला ८०० आणि १५०० मीटर पोहली. १५०० मीटर फ्रीस्टाइल कोणी सहज म्हणून पोहत नाही.

मुसंबानीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. हॉटेलच्या छोट्या तलावात शिकलेला माणूस आयुष्यात पहिल्यांदा ५० मीटरचा तलाव बघतो आणि शर्यत पूर्ण करतो. पुढे तो आपल्या देशाचा कोचही झाला. त्याला हसणाऱ्यांनी एकदा शेवटचे २५ मीटर तसे पोहून बघावेत. खरं दुखणं हे की त्याला सिडनीच्या आधी कुठलीच पायरी मिळाली नव्हती. गावच्या तलावातून थेट ऑलिंपिक. त्याच्या आसपासच्या देशांची अशी स्पर्धा असती तर तो तिथे आधी दोनदा पोहून आला असता.

आणि लहान देश म्हणजे कायम मागेच असंही नाही. सोल १९८८, १०० मीटर बटरफ्लाय. सुरीनामचा अँथनी नेस्टी ५३.००, अमेरिकेचा मॅट बियाँडी ५३.०१. तोच नेस्टी पॅरिस २०२४ ला अमेरिकेच्या पुरुष संघाचा मुख्य कोच होता.

रंकाळ्याचा_पोहणारा

नेस्टी सुद्धा सरावाला अमेरिकेतच होता ना? म्हणजे शेवटी बाहेर जावंच लागतं.

मोझेलकाठची

हो दादा, फ्लोरिडात. बहुतेकांना जावंच लागतं. मॅकी आणि सायप्रसची कालिया अँटोनियू दोघं अलाबामा विद्यापीठातून पोहले, आमची जुली मेनेन ऑबर्नमधून. घरी राहून एका पातळीपर्यंत जाता येतं, पुढे रोज शेजारच्या लेनमध्ये आपल्यापेक्षा वेगवान कोणीतरी हवं असतं. चाळीस हजारांच्या देशात ते मिळणार कुठून? लहान देशाचं काम त्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत खेळात टिकवून धरणं. बहुतेक गळती त्याआधीच होते. पंधराव्या वर्षी मूल विचारतं की मी हे कशासाठी करतोय, तेव्हा ‘दोन वर्षांनी मोनॅको’ हे उत्तर हाताशी असणं फार मोलाचं आहे.

उत्तरध्रुवी

यावरून डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फॅरो बेटांचा पाल योएनसन आठवला. त्याची गोष्ट या धाग्यावर हवीच.

व्हागुर हे दीड हजारही वस्ती नसलेलं गाव. तलाव २५ मीटरचा. तिथे वाढलेल्या या पोराने २०१० ला बुडापेस्टच्या युरोपियन चँपियनशिपमध्ये १५०० मीटरचं रौप्य जिंकलं, फॅरोच्या झेंड्याखाली. जलतरण संघटनेत फॅरोला वेगळं सदस्यत्व आहे. ऑलिंपिक समितीत मात्र नाही. त्यामुळे लंडन आणि रिओला त्याला डेन्मार्ककडून पोहावं लागलं. आणि याच कारणाने फॅरो बेटं आपल्या या स्पर्धेतही नाहीत, ती आयलंड गेम्सला जातात. आमच्या शेजारचीच माणसं, पाण्यात तितकीच तरबेज, तरी बाहेर. मला हे मनापासून खटकतं.

पण त्या गावाने काय केलं बघा. ५० मीटरचा तलाव बांधला, २०१५ ला उघडला आणि त्याला पालचंच नाव दिलं.

ऊसमळा

मी कामानिमित्त मॉरिशसला काही वर्षं होते. तिथेही अशीच स्पर्धा आहे, हिंदी महासागरातल्या बेटांची. १९७९ ला रियुनियनमध्ये सुरू झाली. मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस, मालदीव, मायोत आणि रियुनियन. २०१९ ला यजमान मॉरिशस होतं आणि पदकतक्त्यात पहिलंही तेच आलं. त्या दिवसांत ऑफिसात काम कमी आणि चर्चा जास्त. माझ्या शेजारी तिथलंच मराठी कुटुंब, चार-पाच पिढ्यांपूर्वी रत्नागिरी भागातून गेलेलं, घरात क्रेओल बोलणारं पण गणपती न चुकता आणणारं. त्यांच्या आजीबाई रोज संध्याकाळी टीव्हीसमोर आणि ‘आपली पोरं’ म्हणजे अर्थातच मॉरिशसची पोरं.

पोहण्यात तिथे रियुनियन भारी पडतं, कारण तो फ्रान्सचाच भाग, मुलं फ्रेंच क्लब व्यवस्थेत घडतात. स्वतंत्र देशांना ते बळ नाही. यावर तिथे कायम धुसफुस असते.

मोझेलकाठची

@ऊसमळा, ‘आपली पोरं’ वाचून घशात आवंढा आला. आमच्याही घरात सध्या हाच विषय आहे.

नव्यानेआलेली

मोझेलकाठच्या ताई, आम्ही गेल्या वर्षीच लक्झेंबर्गला आलोय, बेलवालजवळ राहतो. मुलगा तेरा वर्षांचा, नाशिकला विभागीय पातळीपर्यंत पोहलाय. इथे क्लबमध्ये घेतील का? आणि तुम्ही लिहिलेल्या स्पर्धेत त्याला कधी उतरता येईल का? पासपोर्ट भारतीय आहे.

मोझेलकाठची

@नव्यानेआलेली, स्वागत! आधी सोपं उत्तर. क्लबमधून पोहायला पासपोर्ट लागत नाही. डॉक्टरांची क्रीडा तपासणी आणि लायसन्स लागतं, क्लब सगळं सांगतो. एक चाचणी घेतील, घाबरवू नका त्याला. बहुधा त्याच्या वयापेक्षा टायमिंग बघून गट देतील. नाशिकची टायमिंग्ज ५० मीटरची की २५ ची ते आधी लिहून ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.

कोचशी कुठल्या भाषेत बोलायचं याची चिंता नको. काठावर लक्झेंबर्गिश, फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज सगळं एकदम चालू असतं. फळ्यावर ८ × १०० लिहिलेलं सगळ्यांना कळतं.

अवघड उत्तर असं की देशाकडून पोहायचं तर त्या देशाचं नागरिकत्व हवं. इथे पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर अर्ज करता येतो, लक्झेंबर्गिशची भाषा परीक्षा द्यावी लागते. इथलं नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो, कारण भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. मग परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड. आमची पाच वर्षं कधीच झाली, भाषेची परीक्षा मी आणि नवऱ्याने दोघांनी दिली, कागद तयार आहेत. सही मात्र झालेली नाही. सासरे म्हणतात पोहण्यासाठी कोणी देश बदलतं का. मुलगी म्हणते, मी इथेच शिकले, इथल्याच पाण्यात पोहले, मग मी कोणाकडून पोहू? दोघांचंही मला पटतं आणि दोघांपुढेही मी गप्प होते.

एक मात्र तिला स्पष्ट सांगितलंय, निर्णय पासपोर्टचा असेल तर तो पूर्ण कुटुंबाचा, एका स्पर्धेसाठी घाईने घ्यायचा नाही. तोवर राष्ट्रीय टायमिंगच्या जवळ पोचणं तिच्या हातात आहे. सध्या २०० मीटर बॅकस्ट्रोकला तिला अजून चारेक सेकंद कमी करायचेत, आणि त्यातले निम्मे वळणांतच आहेत. भिंतीजवळ आली की स्ट्रोक मोजायचे विसरते.

रंकाळ्याचा_पोहणारा

ताई, झेंड्यापासूनच मोजायला लावा. भिंतीच्या पाच मीटर आधी वर पताका असतात. दमलेली असताना, सरावाच्या शेवटी दहा वळणं फक्त त्या मोजणीची करून घ्या. ताजी असताना सगळ्यांनाच जमतं. आणि ५० मीटरमध्ये वेगळं मोजावं लागतं, तिथे भिंतीपर्यंत येताना हात जड झालेले असतात, एक स्ट्रोक जास्त पडतो.

मोझेलकाठची

कोचला दाखवते हे. आभार दादा. शेवटचं वाक्य तिला आत्ताच वाचून दाखवलं, म्हणाली, ‘हो, तिथेच डोकं आपटतं.’

आकडेमोड

मोनॅको २०२७ चं पोहणं कुठे असणार? बघायला यायचा विचार पक्का होतोय.

मोझेलकाठची

अधिकृत वेळापत्रक आलं की इथेच टाकते. मोनॅकोचा ऑलिंपिक आकाराचा तलाव फुटबॉलच्या लुई दुसरा स्टेडियमच्या पोटात आहे. जागाच नाही हो, सगळा देश दोन चौरस किलोमीटरचा. दरवर्षी मारे नोस्त्रुम या जलतरण मालिकेची मीट तिथेच होते. सध्याची राजकन्या शार्लीन २००० साली दक्षिण आफ्रिकेची जलतरणपटू म्हणून त्याच मीटला आली होती, सिडनी ऑलिंपिकही पोहली. राहायला मात्र नीसला थांबा, मोनॅकोतले दर परवडायचे नाहीत. ट्रेनने अर्धा तास लागत नाही.

उत्तरध्रुवी

मी येतोय. आइसलँडच्या बाजूला बसणार, आधीच सांगतो.

नव्यानेआलेली

ताई, क्लबला आजच मेल केली. चाचणीला २५ मीटरचीच टायमिंग्ज चालतील का? ५० ची एकच आहे आमच्याकडे.

मोझेलकाठची

चालतील. दोन्ही द्या, तलावाची लांबी शेजारी लिहा.